९७ मिनिटं: एका आकड्याचा इतिहास

एका डोळ्यासमोर अचानक अंधार येतो. दुखत नाही, डोळा लाल नाही, पाणीही येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, 'झोप जरा, सकाळी बघू.' दृष्टिपटलाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बंद पडली, तर नेमकं असंच होतं. मग सकाळपर्यंत वेळ असतो का? या प्रश्नाला कुठे 'दीड तास' असं उत्तर मिळतं, तर कुठे 'चार तास'. हे आकडे आले कुठून? आज त्यांचाच माग काढू. विषय वैद्यकाचा आहे, पण तुमचा विषय कुठलाही असो, आकडा कसा वाचायचा हे इथे चांगलं शिकता येतं.

आधी आजार दिसावा लागतो

१८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत नीट बघताच येत नव्हतं. वरून निरोगी दिसणारा डोळा आंधळा का झाला, याचं उत्तर अंदाजानेच द्यावं लागे.

१८५९ साली बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी अचानक अंधत्व आलेल्या एका रुग्णाचं निदान मांडलं: दृष्टिपटलाच्या मध्यवर्ती धमनीत गुठळी अडकली आहे. या निदानासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. एक, आत बघायचं यंत्र. दुसरी, रक्तातून वाहत येऊन अडकणाऱ्या गुठळीची कल्पना. ती रुडॉल्फ फिरखो यांनी १८४० च्या दशकात मांडली होती, आणि १८५६ पासून फिरखोही बर्लिनमध्येच होते. यंत्र दाखवतं, पण काय दिसतंय हे कळायला संकल्पना लागते.

गंमत बघा, निदान झालं तरी हा आजार लगेच 'तातडीचा' झाला नाही. तातडी ठरायला आणखी दोन गोष्टी लागतात: करण्यासारखा काहीतरी उपाय आणि मोजता येईल असं घड्याळ. डोळ्याला मसाज, डोळ्यातलं पाणी सुईने थोडं काढून दाब कमी करणं, असे उपाय पुढे रूढ झाले. घड्याळ मात्र नव्हतं. रक्त थांबल्यावर दृष्टिपटल किती वेळ टिकतं, हे कोणीच नीट मोजलं नव्हतं.

पतियाळा ते आयोवा

हे घड्याळ बसवलं सोहनसिंग हायरे यांनी. त्यांची सुरुवात पंजाबातली. पतियाळाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शवविच्छेदनातून या धमनीचा मार्ग तपासला: ती कुठून निघते, मज्जातंतूच्या आवरणात कुठे शिरते, माणसामाणसात किती फरक असतो. हे निबंध १९६० साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त छापून आले. त्यावर लेखकाचं नाव 'सिंग' आहे, 'हायरे' नाही. फक्त 'हायरे' नावाने शोधणाऱ्याला हा पाया सापडतच नाही. संदर्भ शोधताना एकाच माणसाची सगळी नावं तपासायची सवय लावा.

पुढे ते लंडनला आणि नंतर अमेरिकेत आयोवा विद्यापीठात गेले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऱ्हीसस माकडांची हीच धमनी, मज्जातंतूत शिरण्याआधी, ठराविक वेळ चिमट्याने बंद केली आणि मग सोडली. आधीचं शरीररचनेचं काम होतं म्हणून चिमटा कुठे लावायचा हे ठाऊक होतं. निष्कर्ष असा: ९७ मिनिटांपर्यंत दृष्टिपटल सावरतं, १०५ मिनिटांनंतर कायमची हानी दिसते.

ती माकडं तरुण आणि निरोगी होती. पण हा आजार जास्त करून होतो तो वयस्कर, रक्तदाब असलेल्या, धमन्या कठीण झालेल्या माणसांना. हा आक्षेप रास्त होता. म्हणून हायरे आणि सहकाऱ्यांनी वयस्कर, उच्च रक्तदाब आणि खराब धमन्या असलेल्या माकडांवर प्रयोग पुन्हा केला. तो २००४ साली छापून आला. ९७ मिनिटांपर्यंत हानी आढळली नाही, आणि २४० मिनिटांनंतर मात्र प्रचंड, न भरून येणारी हानी दिसली. आपले 'दीड तास' आणि 'चार तास' इथून आले.

आकडा काय सांगत नाही

प्रयोगात धमनी पूर्ण बंद होती आणि घड्याळ चिमटा लावल्या क्षणी सुरू झालं. माणसात गुठळी कधी अर्धवट अडवते, कधी सरकते. काहींना शेजारची एखादी छोटी धमनी मधल्या भागाला रक्त पुरवते आणि मधली नजर वाचते. शिवाय झोपेतून उठल्यावर अंधार जाणवला, तर शून्य मिनिट कुठलं धरायचं? म्हणजे ९७ हा प्रयोगाच्या अटींमधला आकडा आहे. 'तुमच्याकडे ९७ मिनिटं आहेत' असं आश्वासन तो देत नाही.

दुसरं उदाहरण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ईगल' चाचणीचं. त्यात ८४ रुग्ण होते. काहींच्या धमनीत नळी घालून गुठळी विरघळवणारं औषध दिलं, बाकीच्यांवर नेहमीचे उपचार केले. दृष्टी सुधारण्यात फरक दिसला नाही. दुष्परिणाम मात्र औषधाच्या गटात ३७.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.३ टक्के होते. चाचणी वेळेआधीच थांबवली गेली. मग औषध निरुपयोगी का? थांबा. या चाचणीत २० तासांपर्यंतचे रुग्ण घेतले होते आणि उपचार सुरू व्हायला सरासरी ११ ते १३ तास लागले होते. २४० मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. उशिरा, या पद्धतीने औषध देऊन फायदा दिसला नाही, एवढंच यातून म्हणता येतं. लवकर दिलं तर काय, हा वेगळा प्रश्न. म्हणूनच पुढे युरोपात साडेचार तासांच्या आत औषध देण्याच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: 'चार तास होऊन गेले, आता धावपळ करून काय उपयोग?' २०१३ साली अमेरिकेतल्या हृदय आणि स्ट्रोक संघटनांनी स्ट्रोकच्या व्याख्येत मेंदूबरोबर दृष्टिपटलालाही घेतलं. २०२१ च्या निवेदनात धमनी बंद पडण्याच्या या घटनेला थेट स्ट्रोकचा प्रकार म्हटलं. ज्या हृदयातून किंवा मानेतल्या धमनीतून ही गुठळी आली, तिथून पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते, आणि पहिल्या काही दिवसांत हा धोका जास्त असतो. घड्याळ फक्त डोळ्याचं नाही, माणसाचं आहे.

मग करायचं काय?

एका डोळ्याची दृष्टी अचानक, न दुखता गेली, तर स्ट्रोकवर उपचार होतात अशा रुग्णालयात थेट जायचं, गरज पडल्यास १०८ ला फोन करायचा. चष्म्याच्या दुकानात जायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. शेवटचं नीट कधी दिसत होतं ती वेळ लिहून न्यायची. दृष्टी पाच-दहा मिनिटांत परत आली तरी त्याच दिवशी जायचं, कारण तो इशारा असतो. पन्नाशीपुढच्या माणसाला सोबत नवी डोकेदुखी असेल, चावताना जबडा दुखत असेल, तर तसं आवर्जून सांगायचं. तो धमन्यांच्या दाहाचा आजार असू शकतो आणि दुसरा डोळाही जाऊ शकतो. आणि डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेलं असेल तर क्रम उलटा: आधी तिथल्या तिथे भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं, मग रुग्णालय.

संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांसाठी एवढंच: आकडा उचलण्याआधी चार प्रश्न विचारा. कोणावर मोजला? घड्याळ कधी सुरू केलं? 'हानी नाही' म्हणजे कशाने तपासलं? आणि हा आकडा ज्या प्रश्नासाठी वापरला जातोय, तो मूळ प्रश्न होता का? हायरेंच्या पहिल्या निबंधापासून २००४ च्या प्रयोगापर्यंत ४४ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्याच आकड्याला हे प्रश्न पुन्हा विचारले. आपण तो आकडा उद्धृत करताना निदान एकदा तरी विचारावेत.