आरमाराचें लांकूड

शाळेंत असतांना मी दर वर्षीं मुलांना कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगत आलों. तिला समकालीन आधार नाहीं, हें मला फार उशिरां कळलें. ज्या कल्याणला आधार आहे, तें मात्र सांगावयाचें राहून गेलें.

ऑक्टोबर १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हातीं आली व तेथील कारभार आबाजी सोनदेवांकडे गेला. पुढें १६५९ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं आपल्या राजास कळविलें कीं, शहाजीच्या मुलानें कल्याण, भिवंडी व पनवेल येथें लढाऊ जहाजें बांधिलीं आहेत.

जहाज म्हणजे साग, लोखंड, शिडाचें कापड, दोरखंड आणि सुतार-लोहारांचे हात. हें सारें सरकारासाठीं जमवावयाचें म्हणजे रोज कोणाच्या तरी वखारीशीं वा परड्याशीं गांठ. वरिष्ठ कारभाऱ्याची परीक्षा तेथेंच होते. त्याच सुमारास इंग्लंडच्या आरमारी मंडळावर १६६० पासून सॅम्युएल पीप्स हा अधिकारी होता. मोठा कामसू माणूस. परंतु १६६४ सालीं लांकडाच्या एका बड्या व्यापाऱ्यानें त्याच्या पत्नीसाठीं हातमोजे म्हणून पुडकें दिलें, त्यांतून सोन्याचीं चाळीस नाणीं निघालीं. त्यानें तीं ठेवून घेतलीं, आणि रोजनिशींत तसें लिहूनही ठेविलें!

आमच्याकडे या विषयावर लिहिलें तें आबाजींचे पुतणे रामचंद्रपंत अमात्य यांनीं. त्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) आरमारासाठीं सागादि लांकूड स्वराज्याच्या अरण्यांतून परवानगीनें तोडावें व उणें पडेल तें परमुलखांतून विकत आणवावें, असें सांगितलें आहे. आंबा-फणसही उपयोगी, पण त्यांस हात लावूं देऊं नये, कारण रयतेनें तीं झाडें मुलांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन तोडावें. बळजोरी सर्वथा करूं नये. आरमाराचा खर्चही मुलखाच्या नेमलेल्या वसुलांतून चालवावा, बंदरच्या उत्पन्नावर टाकूं नये, नाहींतर सावकारांस उपद्रव होतो, हेंही त्यांनीं ओळखिलें होतें.

अशी मनाई कोणी उगाच लिहीत नाहीं. कोठें तरी कुणाच्या परड्यांतला फणस विनामोल पडला असेल आणि त्याचें गाऱ्हाणें वरपर्यंत पोंचलें असेल, असें मला वाटतें.