लाहोरचा व्हायरस आणि घरचा कॉम्प्युटर

घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस विकत घ्यावा का, असं पालक विचारतात. उत्तराची सुरुवात लाहोरपासून करावी लागते.

१९८६ साली तिथल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक फुकट कॉपी करतात म्हणून तो केला, असं ते सांगतात. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो बसायचा, आणि आत भावांची नावं, पत्ता, फोन नंबर, शिवाय लसीसाठी आम्हाला भेटा असा निरोप! अमेरिका, इंग्लंडहून फोन येऊ लागले तेव्हा तेच चकित झाले. लाहोर म्हटलं की ज्यांना लगेच कट दिसतो, त्यांनी हा पत्ता जरूर आठवावा.

पुढे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी 'क्विक हील' आणलं. तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचा पहारेकरी नव्हता, पैसे मोजणं रास्तच होतं. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर आतच येतो. घरापुरता तो पुरेसा आहे, असं माझं मत.

मात्र अपडेट चालू हवेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ब्रिटनची रुग्णालयं अडवली. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. आपल्याकडे चोरीचं विंडोज टाकून अपडेट बंद ठेवतात आणि वर अँटिव्हायरसही क्रॅक केलेला! अल्वींची तक्रार नेमकी हीच होती.