रंगीत कांड्यांचे गणित

आठ आणि पाच किती, असे दुसरीतल्या मुलाला विचारले की पुष्कळदा ते मनात आठ धरते आणि पुढे नऊ, दहा, अकरा असे बोटांवर मोजू लागते. उत्तर बरोबर येते आणि आपण पुढच्या मुलाकडे वळतो. परंतु आठाचे दहा व्हायला दोन हवेत, ते पाचातून घेतले की तीन उरतात, हे त्याला दिसलेले नसते. त्याच्या लेखी संख्या म्हणजे ओळीने म्हणायच्या नावांची रांग. मोजता येणे वेगळे आणि संख्या उमजणे वेगळे. हे अंतर खेळातून कसे कापता येईल, याचा एक मार्ग बेल्जियममधील एका शिक्षकाने दाखवला. त्याची हकीकत आपल्या उपयोगाची आहे.

मुलांच्या हाती वस्तू देण्याची कल्पना त्याच्याही आधीची. जर्मनीत फ्रीडरिख फ्रोबेलने १८३७ पासून लाकडी ठोकळ्यांचे संच तयार केले. १९०७ मध्ये रोमच्या वस्तीत बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनी तांबड्या-निळ्या पट्ट्यांचे संख्यादांडे वापरले. सर्वांत लांब दांडा एक मीटरचा, आणि त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंग बदलणारा. रंगाचे भाग मोजले की संख्या कळे.

त्युअँ या लहानशा गावातील जॉर्ज क्विझनेर (१८९१–१९७५) यांनी नेमक्या या खुणाच काढून टाकल्या. क्विझनेर संगीतही शिकवत. त्यांनी एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या, एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या दहा लाकडी कांड्या केल्या. प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला: एकची पांढरी, दोनची लाल, तीनची पोपटी, चारची जांभळी, पाचची पिवळी, सहाची गडद हिरवी, सातची काळी, आठची तपकिरी, नऊची निळी आणि दहाची नारिंगी. कांडीवर आकडा नाही, रेघ नाही. त्यामुळे मोजायला जागाच उरत नाही. मुलाला कांडीशेजारी कांडी ठेवून ताडून पाहावे लागते. पाच म्हणजे पाच सुट्या वस्तू नव्हेत, ती एक अखंड राशी आहे, हे हाताला आधी कळते.

१९५२ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये लंडनमध्ये शिकवणारे गणितशिक्षणतज्ज्ञ कॅलेब गॅतेन्यो त्युअँला गेले, त्यांनी ते वर्ग पाहिले आणि या कांड्यांचा प्रसार हे आपले काम मानले. त्यांच्या खटपटीमुळे पुढील काळात कांड्या अनेक देशांतील शाळांत पोचल्या.

यातला एक खेळ आपण वर्गात करून पाहू. त्याला आगगाडी म्हणू. काळ्या कांडीएवढी गाडी एकाच रंगाचे डबे जोडून करा. लाल डबे जमत नाहीत, पोपटी जमत नाहीत. पांढऱ्याशिवाय दुसरा रंग चालतच नाही. गडद हिरवीला मात्र दोन पोपटी किंवा तीन लाल चालतात. सात मूळसंख्या आणि सहा संयुक्त, हे शब्द पाचवी-सहावीत येवोत. त्यामागची गोष्ट पहिलीतल्या मुलाने बोटांनी अनुभवलेली असते. आता डबे कोणत्याही रंगाचे चालतील असे सांगा आणि क्रम बदलला की गाडी निराळी धरा. पोपटीएवढ्या गाड्या ४ होतात, जांभळीएवढ्या ८, पिवळीएवढ्या १६. हे दुपटीने का वाढते, हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांनाही पुरेल.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. कांड्या आल्या म्हणून सगळीकडे गणित सुधारले असे घडले नाही. जिथे 'लाल म्हणजे दोन, पोपटी म्हणजे तीन' असे रंग पाठ करून घेतले गेले, तिथे घोकंपट्टीत एका पाढ्याची भर पडली, इतकेच. लाल कांडीला एक म्हटले तर पांढरी अर्धी होते, ही मोकळीक गेली की कांडी म्हणजे केवळ रंगवलेला आकडा. साहित्य स्वतः शिकवत नाही. त्याच्याभोवती विचारलेले प्रश्न शिकवतात.

आपल्या वर्गात याची एक खास गरज आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले तेव्हा मोठा वाद झाला. मत काहीही असो, अडचण खरी आहे: मराठी संख्यानामे मुलांना अवघड जातात. 'एकोणतीस' हा शब्द तिसाचे नाव घेतो आणि लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे असतात. इथे तीन नारिंगी कांड्या ओळीने मांडा. त्यांच्याखाली दोन नारिंगी आणि एक निळी ठेवा. शेवटी एका पांढऱ्या कांडीएवढी फट राहते. तिसाला एक उणा, म्हणून एकोणतीस. शब्दातली वजाबाकी आणि अंकातले दोन दशक नऊ एकाच मांडणीत दिसतात.

यासाठी महागडी पेटी लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर खडे, शिंपले, बिया अशा परिसरातल्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. आपणही चौकटीच्या वहीचे पान जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, चौकटीइतक्या रुंदीच्या पट्ट्या कापू शकतो. मात्र मागची कोरी बाजू रंगवावी आणि तीच वर ठेवावी. चौकटी दिसल्या की मूल पुन्हा एक, दोन, तीन मोजू लागेल, आणि मग क्विझनेरनी खुणा का पुसल्या ते आपल्याच वर्गात दिसेल.