नक्षीच्या कापडातले डेनिम जॅकेट

कामगारांच्या पँटच्या खिशांचे कोपरे तांब्याच्या रिव्हेटने, म्हणजे कापडातून आरपार ठोकून बसवलेल्या धातूच्या टिकलीने, पक्के करण्याच्या युक्तीचे पेटंट रेनो येथील शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोतील लेव्हाय स्ट्रॉस कंपनी यांना २० मे १८७३ रोजी मिळाले. याच कंपनीने कामगारांसाठी डेनिमचे आखूड जॅकेटही काढले. डेनिम हे ट्विल विणीचे जाड सुती कापड असून त्यात ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा पांढरा असतो. सुरुवातीच्या जॅकेटाला पुढे चुण्या आणि कंबर आवळण्यासाठी पाठीमागे बकलाचा पट्टा असे. १९५३ मध्ये छातीवर एकाऐवजी दोन खिसे आले, आणि १९६२ च्या सुमारास चुण्या जाऊन टोकदार झाकणांच्या खिशांपासून कमरपट्ट्याकडे निमुळत्या होत उतरणाऱ्या शिवणी आल्या. आज जगभर डेनिम जॅकेट म्हणून ओळखला जातो तो हाच घाट.

हा घाट घरी उतरवणे शक्य झाले ते दोन जुन्या सोयींमुळे. आयझॅक सिंगर यांच्या शिवणयंत्राला १८५१ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढे हप्त्यांनी विक्री सुरू झाल्यावर ते मध्यमवर्गीय घरांत शिरले. तर मॅसॅच्युसेट्समधील शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे पॅटर्न, म्हणजे कपडा बेतण्यासाठी कापून दिलेले पातळ कागदाचे तुकडे, विकायला काढले. आरंभी या कागदांवर काहीही छापलेले नसे. त्यांना पाडलेल्या छिद्रांवरूनच खुणा ओळखाव्या लागत. डेनिम जॅकेट तरुणांचा पेहराव झाल्यावर त्याचेही पॅटर्न बाजारात आले, आणि कापड कोणते घ्यायचे हे शिवणारी व्यक्तीच ठरवू लागली.

नक्षीच्या कापडात या घाटाची खरी कसोटी लागते. एकटी पाठच खांद्यालगतची आडवी पट्टी, मधला तुकडा आणि त्याच्या दोन बाजू अशा चार भागांची असल्याने मोठे फूल किंवा चौकडा शिवणीवर तुटतो. म्हणून कापड दुहेरी न घालता एकेरी पसरून प्रत्येक तुकडा स्वतंत्र बेततात, आणि नक्षी कापलेल्या कडेला न जुळवता शिवणीच्या रेषेवर जुळवतात, कारण कडेला सोडलेली माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, आत दुमडली जाते. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून वरून दोन समांतर टिपा घालण्याची मूळ पद्धत मजबुतीसाठी होती. फुलाफुलांच्या कापडाला तेवढ्या मजबुतीची गरज नसते, तरीही वेगळ्या रंगाच्या जाड दोऱ्याने त्या टिपा कटाक्षाने घातल्या जातात, कारण निळा रंग गेल्यावर जॅकेटाची ओळख त्यांच्यावरच टिकते.

श्रमाच्या गरजेतून घडलेली रचना ती गरज सरल्यावरही जपली गेली, हे या घरगुती शिवणकामाचे ऐतिहासिक मोल आहे. कारखान्यांच्या दप्तरांत अशा जॅकेटांची नोंद होत नाही. म्हणूनच घरोघरच्या कपाटांतले जुने पॅटर्न आणि त्यांवर मापे बदलताना केलेल्या पेन्सिलीच्या खुणा वस्त्रेतिहासाची साधने म्हणून जपल्या जायला हव्यात.