औटकीचं कूळ

'औट घटकेचा राजा' राजकारणाच्या बातम्यांत नेहमी भेटतो. ती औट घटका आणि जुन्या उजळणीतली औटकी सख्ख्या बहिणी आहेत, हे मला हातकणंगल्यात कळलं. एका आज्यानं नातवाला विचारलं, "पस्तीस सोळं किती रं?" पोरगं कागद शोधायला लागलं. आजा म्हणाला, "कागद कशाला? सोळाची औटकी छप्पन, फुडं शून्य दे." सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, त्यात सोळाचं निम्मं आठ. औट म्हणजे साडेतीन, आणि घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे त्या राजाचं राज्य जेमतेम ८४ मिनिटांचं!

पावकी, निमकी, सवायकी या औटकीच्या जोडीच्या पाढ्यांची कुळं सरळ आहेत; पाव पादातून आला, सव्वा सपादातून. खरी गंमत औटाची. तो इंग्रजी 'आउट' असल्याचं काहीजण ठासून सांगतात. पण १२९० च्या ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायात, कुंडलिनीच्या वेटोळ्यांना औट म्हटलंय. तेव्हा इथं इंग्रज कुठला?

दुसरा दावेदार संस्कृत 'अध्युष्ट'. कोशात त्याचा अर्थ साडेतीनच दिलाय, पण फोड करायला जावं तर त्यात ना अर्धा, ना तीन, ना चार. हा शब्द प्राकृत 'अद्धुट्ठ'ला पंडितांनी नेसवलेलं सोवळं आहे. अद्धुट्ठाचं मूळ 'अर्धचतुर्थ': तीन पुरे, चौथा अर्धा. अडीचही असाच, 'अर्धतृतीय'. अशोकाच्या लघुशिलालेखांत अडीच वर्षांसाठी 'अढतिय' आहे. जर्मन माणूस साडेतीन वाजता 'अर्धे चार' म्हणतो, तोही याच चालीनं. 'साडे' मात्र सार्ध, म्हणजे अर्ध्यासकट. तिथं मोजायची रीतच वेगळी.

मग चतुर्थातला 'च' गेला कुठं? माझ्या मते तो आधीच गेला होता. चौथ्याला संस्कृतात 'तुरीय'ही म्हणतात, त्यात 'च' नाहीच. औट त्या वाटेनं आला असावा.

सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता तोवर औटकीवाचून बाजार चालत नव्हता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आला, आणि शाळेतून ती गेली. गुजरातीत तिला 'ऊठां' म्हणतात, आणि 'ऊठां भणाववां' म्हणजे चक्क फसवणं. ज्याला औटकी येत नाही त्याला साडेतीन शेराच्या हिशेबात गंडवणं सोपं. वाक्प्रचार कदाचित त्यातून निघाला असावा.