‘मानापमान’ नुसती पायरी नव्हे

संगीत रंगभूमीच्या इतिहासात नाटककार खाडिलकरांच्या ‘मानापमान’ची जागा जणू ठरून गेली आहे. किर्लोस्करी वळणाचे साधे पद मावळले, गायक-नट बालगंधर्वांची मैफल उजाडली, आणि या दोहोंमधला संक्रमणकाळ म्हणजे ‘मानापमान’. इथूनच गाण्याने नाटक गिळले, असाही ठपका लगोलग ठेवला जातो.

आधी पदांचा हिशेब पाहावा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त (१८८०) पदे दोनशेच्या घरात, ‘मानापमाना’त पन्नासच्या आसपास. गाणे नाटकाला गिळत होते, तर पदे घटली कशी? साकी-दिंडीतून कथानक पुढे नेण्याचे काम खाडिलकरांनी गद्यावर सोपवले आणि पद भावनेच्या ऐन क्षणापुरते राखले. गोविंदराव टेंब्यांनी हिंदुस्थानी चिजांतून, ठुमरी-दादऱ्यांतून चाली निवडल्या आणि त्या चालींवर खाडिलकरांनी शब्द बांधले. नाटकाच्या संगीताचा स्वतंत्र धनी असावा, ही गोष्ट आपल्याकडे इथे रुजली. १२ मार्च १९११च्या पहिल्या प्रयोगाविषयी मात्र बालगंधर्वांच्या कन्येच्या निधनाची कथाच तेवढी सांगितली जाते. टेंब्यांच्या कामाला त्या आठवणीत एक ओळही मिळत नाही.

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या एका कृतीलाही ‘मानापमान’सारखेच मधली पायरी ठरवले गेले. त्याची तिसरी सिंफनी २५ सप्टेंबर १९०७ रोजी हेलसिंकीत त्याच्याच संचालनाखाली वाजली. भव्य दुसरीनंतर ही तीनच भागांची, आटोपशीर. पुढे गूढ चौथी आली, म्हणून तिसरी ‘मधली’ ठरली. पुढे काय आले यावरून मागच्या कृतीची किंमत करायची, ही टीकाकारांची जुनी खोड.

मग मैफलीचा आरोप आला कुठून? तो वन्समोअरच्या नादातून आला. एकेक पद पुन्हापुन्हा मागून प्रयोग लांबवला प्रेक्षकांनी आणि त्यांना नाही न म्हणणाऱ्या नटांनी. दोष चिकटला संहितेला. आम्हा बालाघाटकरांना तर ही पदे भेटली ती ध्वनिमुद्रिकांतून, प्रसंगापासून तोडलेली. भामिनी धनाच्या तोऱ्यात धैर्यधराला नाकारते, मग वनमाला होऊन त्याच्याच छावणीत जाते, हे ठाऊक नसेल तर शृंगाराचे पद आणि वीराचे पद सारख्याच मैफलीचे वाटणार.

नाटक खरोखर गायकीत विरघळले असते, तर गळा बदलताच ते कोसळले असते. धैर्यधराची भूमिका ती पहिल्यांदा करणाऱ्या नानासाहेब जोगळेकरांनंतरही जगली. १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा होता. दोघांच्या नाटकमंडळ्या एकमेकींच्या स्पर्धक, गायकीही निरनिराळी. पुढे गायक-नट दीनानाथांनी नव्या चालींवर तोच धैर्यधर उभा केला. टेंब्यांच्या चाली बाजूला सारूनही खाडिलकरांचे नाटक उभे राहिले.