भाषा, जीव आणि वंश : मलय भाषेची तीन घरे

अनेक वंशांच्या देशाने समाईक भाषा कोणती निवडावी, या प्रश्नाची चर्चा सहसा भाषांच्या गुणावगुणांभोवती फिरते. कोणत्या भाषेचे भाषक अधिक, कोणत्या भाषेचे वाङ्मय समृद्ध, कोणती शिकायला सोपी, कोणती ज्ञानव्यवहाराला पुरी पडणारी, असे निकष मांडले जातात. आग्नेय आशियाच्या विसाव्या शतकातील इतिहासाकडे पाहिले की हे सारे निकष दुय्यम वाटू लागतात. तेथे मलय ही एकच भाषा तीन शेजारी देशांनी राष्ट्राची भाषा म्हणून स्वीकारली. इंडोनेशियात ती खरोखरच सर्वांची झाली. मलेशियात ती कायद्याने सर्वांची झाली, पण भावनेने एका समाजाचीच राहिली. सिंगापुरात ती राष्ट्रगीतात उरली. भाषा एकच असताना निष्पत्ती तीन तऱ्हांची का झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमच्या मते या फरकाचे मूळ ही निवड करताना कोणी कोणता हक्क सोडला आणि कोणी तो राखून ठेवला, यात आहे.

मलेशियातील मलय भाषेच्या चळवळीचे एक प्रसिद्ध घोषवाक्य आहे : ‘बाहासा जिवा बांग्सा’. मराठी वाचकाला या तिन्ही शब्दांची ओळख पटायला वेळ लागू नये. बाहासा म्हणजे भाषा, जिवा म्हणजे जीव आणि बांग्सा म्हणजे वंश. तिन्ही शब्द संस्कृतातून तेथे गेलेले आहेत. परंतु तिसऱ्या शब्दाचा अर्थ प्रवासात दुभंगला. इंडोनेशियात ‘बांग्सा’ म्हणजे प्राधान्याने राष्ट्र. मलेशियात त्याच शब्दाने राष्ट्रही सुचते आणि वंशही. भाषा हा राष्ट्राचा जीव, की भाषा हा वंशाचा जीव? या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये दोन देशांचा भाषिक इतिहास सामावलेला आहे.

मलय भाषेचे सर्वांत जुने शिलालेख सातव्या शतकातले, सुमात्रातील श्रीविजयाच्या काळातले आहेत. पुढे पंधराव्या शतकात मलाक्का हे मोठे व्यापारी बंदर झाले आणि द्वीपसमूहातल्या बंदरांमध्ये मलय ही देवघेवीची भाषा म्हणून रुळली. तमिळ, गुजराती, अरब, चिनी, जावानीज व्यापारी ती आपापल्या परीने वापरत. डचांनी आपली भाषा वसाहतीतील सर्वसामान्यांना शिकवण्याचा फारसा आग्रह धरला नाही, त्यामुळे त्यांच्या कारभारालाही मलयचाच आधार घ्यावा लागला. म्हणजे राष्ट्रवाद जन्माला येण्यापूर्वीच ही भाषा कोणा एकाची राहिली नव्हती. मलयमधील सुरुवातीच्या वृत्तपत्रांत आणि कादंबऱ्यांत तेथे पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या लेखकांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट वाङ्मयेतिहासकारांनी फार काळ दुर्लक्षित ठेवली. सरकारी प्रकाशनसंस्था ‘बालाई पुस्ताका’ हिने ‘शुद्ध’ मलयचा जो साचा रूढ केला, त्यात ही बाजारातली, मिश्र, जिवंत मलय बसत नव्हती.

१९२६ साली बटेव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, पहिली युवक परिषद भरली. भावी राष्ट्राची भाषा होण्याची पात्रता जावानीज आणि मलय या दोनच भाषांत आहे आणि त्यांतही मलयचे पारडे जड आहे, असे प्रतिपादन सुमात्राच्या मुहम्मद यामिनने केले. मदुरा बेटाच्या ताब्रानीने नावाला हरकत घेतली. राष्ट्र इंडोनेशिया असेल, तर भाषेचे नावही ‘इंडोनेशियन’च हवे, असे त्याचे म्हणणे होते. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी दुसऱ्या परिषदेत जी युवक-प्रतिज्ञा स्वीकारली गेली, तिने ताब्रानीचे नाव उचलले. या प्रतिज्ञेच्या शब्दरचनेत एक बारकावा आहे. पहिल्या दोन कलमांत एक मातृभूमी आणि एक राष्ट्र मान्य असल्याचे सांगितले आहे. तिसऱ्या कलमात मात्र एकच भाषा मान्य असल्याचे म्हटलेले नाही. ऐक्याची भाषा म्हणून इंडोनेशियनचा मान राखू, एवढेच म्हटले आहे. इतर भाषांनी मिटून जावे, अशी अपेक्षा त्यात नाही.

या निवडीचे मोल ध्यानी घ्यायचे, तर संख्या पाहावी लागते. १९३० च्या जनगणनेनुसार मूळ रहिवाशांपैकी जावानीज लोक सुमारे ४७ टक्के होते. मलय ही मातृभाषा असणारे शेकडा पाचांच्या आसपास असावेत, असा अंदाज केला जातो. जावानीज ही शतकानुशतकांच्या दरबारी वाङ्मयाची, रामायण-महाभारताच्या प्राचीन काव्यरूपांची भाषा. संख्या आणि वाङ्मय या दोन्ही निकषांवर तिचाच हक्क पहिला होता. तो सांगितला गेला नाही. जावानीज नेत्यांनी तो का सोडला, याचे केवळ औदार्य हे उत्तर पुरेसे नाही. जावानीजमध्ये वरच्याशी बोलायची भाषा वेगळी, खालच्याशी बोलायची वेगळी. ‘क्रामा’ आणि ‘न्गोको’ या स्तरांतील शब्दसंपदाच निराळी असते. कोणाशीही बोलण्यापूर्वी त्याची पायरी ठरवावी लागते. समतेच्या आधारे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या तरुणांना मलय मोकळी वाटली, ती यामुळे. शिवाय जावानीज समाजाने भाषेचा हक्क सोडला, सत्तेचा नव्हे. पुढची अनेक दशके सत्ताकेंद्र जावातच राहिले, हेही विसरता येत नाही.

या स्थित्यंतराचे वाङ्मयीन दर्शन प्रामुद्या आनंता तूर यांच्या बुरू चतुष्टयात घडते. स्वतः जावानीज असलेल्या या लेखकाने बुरू बेटावरील बंदिवासात या कादंबऱ्या आधी सोबत्यांना तोंडी सांगितल्या आणि नंतर इंडोनेशियनमध्ये लिहिल्या. त्यांचा नायक मिंके डचमध्ये लिहिणारा जावानीज तरुण आहे. आपल्या लोकांसाठी लिहायचे तर मलयमध्ये लिही, असे त्याला पुन्हा पुन्हा सांगितले जाते आणि तो सहजासहजी तयार होत नाही. दुसऱ्या कादंबरीच्या शीर्षकातही ‘बांग्सा’ हाच शब्द येतो; त्याचा आशय ‘साऱ्या राष्ट्रांचे अपत्य’ असा आहे.

अर्थात इंडोनेशियाचे चित्र निर्दोष नाही. १९६५ नंतरच्या सुहार्तो राजवटीत चिनी शाळा बंद झाल्या, सार्वजनिक जीवनातून चिनी लिपी हद्दपार झाली. १९७५ साली बळाने ताब्यात घेतलेल्या पूर्व तिमोरमध्ये हीच ऐक्याची भाषा जेत्यांची भाषा म्हणून गेली. तिमोर स्वतंत्र झाल्यावर २००२ च्या संविधानात तेतुम आणि पोर्तुगीज या अधिकृत भाषा ठरल्या, आणि इंडोनेशियनला इंग्रजीसोबत कामकाजाच्या भाषेचे स्थान मिळाले. जी भाषा जावात हक्कत्यागाने रुजली, ती तिमोरमध्ये सक्तीने रुजली नाही.

मलायात परिस्थितीच उलटी होती. १९५७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा मलय समाज सुमारे ५० टक्के, चिनी सुमारे ३७ टक्के आणि भारतीय सुमारे ११ टक्के होते. चिनी आणि भारतीय समाजांचा मोठा भाग ब्रिटिश काळात कथिलाच्या खाणी, रबराचे मळे आणि व्यापार यांच्या निमित्ताने आलेला. आपल्याच भूमीत आपण मागे पडलो आहोत, ही मलय समाजाची भावना निराधार नव्हती. संविधानाच्या १५२ व्या कलमाने मलय राष्ट्रभाषा ठरली, इतर भाषा शिकण्या-शिकवण्याचे स्वातंत्र्य राखले गेले आणि इंग्रजीला दहा वर्षांची मुदत मिळाली. म्हणजे येथे समाईक भाषा ही सर्वांत मोठ्या गटाचीच भाषा होती आणि नागरिकत्वाच्या बदल्यात इतरांनी ती मान्य करावी, असे त्या तडजोडीचे स्वरूप होते.

या संविधानाचे १६० वे कलम आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यात ‘मलय’ या शब्दाची व्याख्या आहे : इस्लाम धर्म पाळणारी, नित्य मलय भाषा बोलणारी आणि मलय रूढी पाळणारी व्यक्ती. भाषा ही येथे वंशाची खूण ठरली. एकीकडे सर्वांनी मलय आपली मानावी ही अपेक्षा, दुसरीकडे तीच भाषा एका समाजाच्या व्याख्येचा भाग. चिनी वा तमिळ नागरिकाने कितीही अस्खलित मलय आत्मसात केली, तरी तेवढ्याने तो त्या घराचा होत नाही, पाहुणाच राहतो.

१३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये वांशिक दंगली उसळल्या. अधिकृत आकड्यानुसार त्यांत १९६ माणसे मेली. त्यानंतर इंग्रजी माध्यमाच्या शाळा टप्प्याटप्प्याने मलय माध्यमात आणल्या गेल्या आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्रभाषेच्या स्थानाला आव्हान देणे संसदेतही वर्ज्य झाले. याच काळात भाषेला ‘बाहासा मलेशिया’ हे सर्वसमावेशक नाव दिले गेले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा ‘बाहासा मलायू’, म्हणजे मलय समाजाची भाषा, असे झाले आणि २००७ साली पुन्हा ‘बाहासा मलेशिया’. ताब्रानीने १९२६ मध्ये ज्या प्रश्नाला हात घातला, तो मलेशियात सुटलाच नाही. वाङ्मयाच्या क्षेत्रातही हेच दिसते. ‘राष्ट्रीय साहित्यिक’ हा सन्मान १९८१ पासून मलयमध्ये लिहिणाऱ्यांनाच मिळत आला. मलेशियात जन्मून चिनीत लिहिणारे वा इंग्रजीत लिहिणारे के. एस. मणियम यांच्यासारखे लेखक ‘राष्ट्रीय साहित्या’च्या कक्षेबाहेर राहिले.

सिंगापूरची कथा या दोहोंहून वेगळी. ‘आसास ५०’ ही मलय लेखकांची महत्त्वाची संघटना १९५० साली तेथेच स्थापन झाली होती. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले, तेव्हा लोकसंख्येत तीन-चतुर्थांश चिनी होते. तरीही मलय राष्ट्रभाषा राहिली, आणि मलय, मँडरिन, तमिळ, इंग्रजी या चार अधिकृत भाषा झाल्या. बहुसंख्याकांनी येथेही आपला हक्क सोडला, पण सोडलेल्या जागी इंग्रजी आली. सामान्य चिनी जनतेच्या देणग्यांवर उभे राहिलेले नानयांग विद्यापीठ १९८० मध्ये दुसऱ्या विद्यापीठात विलीन झाले. १९७९ च्या मँडरिन मोहिमेने होक्कियन, तेओचू, कँटोनीज या घरातल्या बोली मागे सारल्या. २०२० च्या जनगणनेत पाच वर्षांवरील ४८.३ टक्के रहिवाशांनी घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा म्हणून इंग्रजीची नोंद केली. परकी भाषा कोणावरच अन्याय करत नाही, असे म्हणतात. प्रत्यक्षात तिने सर्वांकडूनच थोडेथोडे काढून घेतले. राष्ट्रगीत आणि लष्करी कवायतीचे हुकूम मात्र आजही मलयमध्ये आहेत.

भारताच्या संविधानसभेने १४ सप्टेंबर १९४९ रोजी हिंदीला राजभाषा म्हटले, राष्ट्रभाषा म्हटले नाही, आणि इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली. ही मुदत संपताना १९६५ मध्ये मद्रास प्रांतात काय घडले, ते सर्वश्रुत आहे. आपण मराठीचे अभ्यासक हा इतिहास बहुधा हिंदीसमोर लहान ठरणाऱ्या भाषेच्या जागेवरून वाचतो, आणि ते योग्यही आहे. परंतु गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात मराठी ही मोठी भाषा असते. तेथे आपण जावानीज तरुणांच्या जागी उभे असतो. ऐक्यासाठी हक्क सोडण्याचा उपदेश आजवर लहानांनाच केला गेला. इंडोनेशियाचा अनुभव सांगतो की ही सुरुवात मोठ्याकडून व्हावी लागते. राज्याच्या सीमेबाहेर आपण जो न्याय मागतो, तो सीमेच्या आत किती देतो, हे आपल्या अभ्यासक्रमांत आणि वाङ्मयेतिहासांत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.